लग्नघरी जाण्याआधीची गोष्ट

कार्यालयात बँड वाजू लागताच सात-आठ वर्षांचा मुलगा कानांवर हात दाबून जमिनीवर बसकण मारतो, किंचाळू लागतो. 'फार लाडावलेला दिसतो', अशी कुजबुज होते आणि अक्षता पडण्यापूर्वीच आई-वडील त्याला घेऊन घरी परततात. स्वमग्नता अर्थात ऑटिझम असलेल्या मुलांच्या पालकांना हा प्रसंग अपरिचित नाही. वरकरणी तो हट्ट वाटतो; प्रत्यक्षात ती भीती असते.

लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांच्या निरीक्षणांतून या अवस्थेचे वर्णन केले, तेव्हाच सारे काही जसेच्या तसे राहावे ही त्यांची तीव्र ओढ नोंदवली होती. नेहमीचा क्रम मोडला, त्यात आवाज, दिवे, अत्तराचा वास आणि गालगुच्चे घेणारे नातेवाईक यांची भर पडली, की चिंता शिगेला पोहोचते. अशा वेळी 'काकांना नमस्कार कर' हा आग्रह व्यर्थच. आधी चिंता, मग शिष्टाचार, हा क्रम पाळावा लागतो.

अमेरिकेतील शिक्षिका कॅरोल ग्रे यांनी १९९०च्या दशकाच्या प्रारंभी रुजवलेली 'सोशल स्टोरी' ही पद्धत येथे उपयोगी पडू शकते. येऊ घातलेल्या प्रसंगाचे सोप्या वाक्यांत, शक्यतो चित्रांसह केलेले वर्णन म्हणजे ही गोष्ट. उदाहरणार्थ : 'रविवारी मावशीचे लग्न आहे. तिथे खूप माणसे येतील. बँड वाजेल. आवाज नकोसा झाला, तर मी आईचा हात दाबेन. मग आम्ही मागच्या खोलीत जाऊ.' तीत हुकूम कमी आणि माहिती अधिक असावी. 'मी रडणार नाही' हे वाक्य तर नकोच. ते पाळता आले नाही, तर मूल त्या गोष्टीचीच धास्ती घेऊ शकते. आठवडाभर ती रोज वाचावी, जमल्यास रिकामे कार्यालय आधी दाखवून आणावे. अर्थात हा रामबाण उपाय नव्हे. प्रत्येक मुलागणिक परिणाम वेगळा दिसतो.

तयारी मुलानेच करावी, हेही न्याय्य नाही. स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडले, की संवादातील अडचण दुहेरी असते. इतरांनाही ही माणसे उमगत नाहीत. तेव्हा नजरेला नजर देण्याची सक्ती करू नये, न विचारता जवळ ओढू नये, हे आजी-आजोबांना, मामांना आधीच सांगून ठेवलेले बरे.

पहिल्या खेपेस पंधरा मिनिटे थांबून, मूल शांत असतानाच परतावे. पंगतीचे पुढच्या लग्नात पाहता येते.