पहिल्या पदभ्रमंतीची कसोटी दुसऱ्या दिवशी

आषाढाच्या पावसात दरवर्षी शेकडो तरुण पाठीवर सॅक घेऊन पन्हाळगडावर जमतात. जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरचा वेढा भेदून शिवाजी महाराज ज्या दिशेने विशाळगडाकडे निघाले, त्या दिशेने पावनखिंडीपर्यंत चालत जाणे ही त्यांपैकी अनेकांची पहिलीच लांब पल्ल्याची पदभ्रमंती असते. अंतर सुमारे ५० किलोमीटर, मुक्काम एक. पहिला दिवस घोषणांत आणि उत्साहात सरतो. अडचण उभी राहते ती दुसऱ्या दिवशी सकाळी, ओले बूट पुन्हा पायांत चढवताना.

सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्याची सवय असलेल्या दुर्गप्रेमींचा अंदाज नेमका येथेच चुकतो. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलत असतात. त्यात त्यांना सूक्ष्म इजा होतात आणि दुखणे त्याच वेळी नव्हे, तर पुढील एक-दोन दिवसांत वाढत जाते. त्यामुळे सराव किमान सहा ते आठ आठवडे आधी सुरू करावा. जिने केवळ चढू नयेत, उतरावेतही. आणि तेही पाठीवर वजन घेऊन. पुणेकरांनी शनिवारी सिंहगड केला, तर रविवारी सकाळी आखडलेल्या पायांनी पुन्हा काही तास चालून पाहावे. हा कंटाळवाणा रविवारच बहुतेक जण टाळतात.

पायांची निगा हा दुसरा दुर्लक्षित विषय. जुलैत ही वाट चिखलातून, ओढ्यांतून आणि भातखाचरांच्या बांधांवरून जाते. पाय दिवसभर भिजलेले राहतात, त्वचा फुगून मऊ पडते आणि एरवी जाणवलेही नसते अशा घर्षणाने फोड येतात. सुती मोजे पाणी धरून ठेवतात. त्यांऐवजी कृत्रिम धाग्याचे किंवा लोकरीचे मोजे वापरावेत. बूट नवे कोरे नसावेत आणि किंचित सैल असावेत, कारण दीर्घ चालीत पाय सुजतात. नखे आधीच कापलेली बरी. जेथे घासल्यासारखे वाटेल, तेथे लगेच थांबून चिकटपट्टी लावावी. सोबत्यांना खोळंबा नको म्हणून तसेच चालत राहणारा पुढे सगळ्यांनाच खोळंबून ठेवतो. पायाला जखम असेल, तर गढूळ पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होऊ शकतो. परतल्यावर काही दिवसांत ताप आल्यास डॉक्टरांना या प्रवासाची माहिती अवश्य द्यावी.

सॅकचे वजन शरीराच्या वजनाच्या एकपंचमांशाहून कमी असावे. सॅकवरील आवरणावर विसंबून न राहता आतील सामान जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधावे. झोपण्यासाठीचा एक कोरडा जोड मात्र कोणत्याही परिस्थितीत दिवसा बाहेर काढू नये. पहाटे पुन्हा ओले कपडे चढवणे जिवावर येते, परंतु पुढच्या रात्रीची ऊब त्यावरच अवलंबून असते. खाण्यासाठी तिखटमिठाच्या पुऱ्या, खजूर, गूळ-शेंगदाणे पुरेसे.

पावसात तहान फारशी जाणवत नाही; दमट हवेत घाम मात्र येतच असतो. जलसंजीवनीची पाकिटे जवळ नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवावे. चमचा चहाचा असावा आणि प्रमाण अंदाजपंचे ठरवू नये.

मसाई पठारावर धुके उतरले, की काही पावलांपुढचेही दिसेनासे होते. सपाट, विस्तीर्ण माळावर दिशेचा भरवसा राहत नाही. म्हणून पहिल्या खेपेस वाट जाणणाऱ्यासोबतच जावे. संयोजक संस्था निवडताना शुल्काआधी काही प्रश्न विचारावेत: एका मार्गदर्शकामागे किती जण असतील? सर्वांत शेवटी कोण चालणार? प्रथमोपचाराचे प्रशिक्षण कोणी घेतले आहे? ओढा फुगला तर काय करणार? शेवटच्या प्रश्नावर ‘दोर लावून पार करू’ एवढेच उत्तर मिळाल्यास दुसरी संस्था शोधावी. फुगलेल्या ओढ्याकाठी थांबणे किंवा मागे फिरणे हाच शहाणपणा. वाटेतील कोणत्या वाड्यांपर्यंत डांबरी रस्ता पोहोचला आहे, हे निघण्यापूर्वी नकाशावर पाहून कागदावर टिपून ठेवावे. त्या कागदाची एक प्रत घरी द्यावी, दुसरी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून खिशात ठेवावी.