वांड नाही, वाया गेलेलंही नाही

पंधरा वर्षांपूर्वी मी एका रुग्णालयात लहान मुलांच्या विभागात ड्युटीला होते. एक बाई सात वर्षांच्या मुलाला घेऊन आली. मुलगा भिंतीवरून उडी मारताना पडला होता, हनुवटीला टाके घालायचे होते. त्या वर्षातली ही त्याची तिसरी जखम. टाके घालताना तो एक क्षण स्थिर राहीना. मी वैतागले आणि त्याच्या आईला म्हणाले, “बाई, जरा धाक ठेवा पोराला. लाडाने बिघडवलंय तुम्ही.” ती काही बोलली नाही. पदराने मुलाचं तोंड पुसत राहिली.

चार वर्षांपूर्वी एका वस्तीतल्या आरोग्य शिबिरात तीच बाई भेटली. मी तिला ओळखलं नाही, तिने मला ओळखलं. मी मुलाची चौकशी केली. सातवीत शाळा सुटली होती, आता तो गॅरेजमध्ये कामाला जात होता. ती म्हणाली, “सिस्टर, तुम्ही म्हणाला होता धाक ठेवा. लई ठेवला. बापानं पट्ट्यानं मारलं, मी पण मारलं. पोरगं सुधारलं नाही. नुसतं आमच्याशी बोलायचं बंद झालं.”

नर्सिंगचा डिप्लोमा केलेली, मुलांच्या वॉर्डात वर्षानुवर्षं काम केलेली मी. त्या मुलाची लक्षणं माझ्यासमोर होती. तरी मी आजार पाहिला नाही, आईची चूक पाहिली. म्हणून हा लेख मी स्वतःपासून सुरू केला आहे.

एडीएचडी म्हणजे काय?

लक्ष टिकवता न येणं, शरीर स्थिर ठेवता न येणं आणि मनात आलं की लगेच करून मोकळं होणं, ही एडीएचडीची तीन मुख्य लक्षणं. काही मुलांत तिन्ही असतात, काहींत फक्त लक्ष न लागणं असतं. मूल वह्या हरवतं, सांगितलेल्या तीन कामांपैकी दोन विसरतं, रांगेत थांबू शकत नाही, प्रश्न पूर्ण व्हायच्या आत उत्तर देतं, रस्त्यावर बघता बघता हात सोडून पळतं.

चंचल तर सगळीच मुलं असतात. मग फरक कुठे? ही लक्षणं सहा महिन्यांहून जास्त काळ टिकली पाहिजेत, वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसली पाहिजेत, घरी आणि शाळेत अशा किमान दोन ठिकाणी दिसली पाहिजेत आणि त्यामुळे मुलाचं शिक्षण किंवा नाती अडली पाहिजेत. हे सगळं जुळलं तरच डॉक्टर निदान करतात. जगभरात साधारण १०० मुलांमागे ५ मुलांना हा त्रास असतो. म्हणजे ६० मुलांच्या वर्गात तीन.

याचा बुद्धीशी संबंध नाही. मेंदूचा जो भाग आपल्याला “थांब, आधी विचार कर” असं सांगतो, तो या मुलांत उशिरा पक्व होतो. याचं मोठं कारण अनुवंशिक आहे. जुळ्या मुलांच्या अभ्यासांतून हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. वेळेआधी जन्मलेल्या आणि कमी वजनाच्या बाळांना धोका जास्त असतो. आईचे लाड, टीव्ही, साखर, लागलेली नजर, मागच्या जन्मीचं पाप, यांतलं एकही कारण खरं नाही.

१९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने अशा मुलांवर व्याख्यानं दिली. मुलांची बुद्धी शाबूत आहे हे त्याने ओळखलं, पण दोष मात्र ‘नैतिक संयमा’त आहे असं म्हटलं. शास्त्र त्यानंतर खूप पुढे गेलं. आपण मात्र अजून वांड, द्वाड, वाह्यात, वाया गेलेलं हेच शब्द वापरतो.

शिक्का एकट्या मुलावर बसत नाही

समाजशास्त्रज्ञ अर्विंग गॉफमन यांनी १९६३ साली कलंकावर पुस्तक लिहिलं. कलंक ज्याच्यावर लागतो त्याच्यापुरता राहत नाही, जवळच्या माणसांवरही पसरतो, हे त्यांनी दाखवलं. आपल्या घरांत तो आधी आईवर पसरतो. सासू म्हणते, “आमच्या घरात असं कुणी नव्हतं.” शेजारीण म्हणते, “दिवसभर कामाला बाहेर, पोराकडे बघणार कोण?” बाप म्हणतो, “तूच डोक्यावर चढवलंस.” हळूहळू ती लग्नाला जाणं टाळते. मूल वंदनेच्या वेळी शांत बसत नाही आणि माणसं वळून बघतात, म्हणून विहारातही येणं बंद करते. जिला माणसांची सर्वांत जास्त गरज असते, ती अशी एकटी पडते.

मुलींचं दुखणं वेगळं. बऱ्याच मुली दंगा करत नाहीत, खिडकीबाहेर बघत बसतात. त्यांना ‘मंद’, ‘आळशी’ म्हणून सोडून दिलं जातं. आणि कुणाच्या लक्षात आलंच, तर पुढे लग्नाला अडचण नको म्हणून घरचेच झाकतात.

आपल्या वस्तीतल्या मुलांवर आणखी एक शिक्का आधीपासूनच असतो. सोसायटीतलं मूल वर्गात उड्या मारतं तेव्हा शाळा पालकांना समुपदेशकाचा पत्ता देते. आपलं मूल तेच करतं तेव्हा ऐकायला मिळतं, “तुमच्याकडची मुलं अशीच.” एकच लक्षण, पण एकाला उपचाराची चिठ्ठी आणि दुसऱ्याला शाळेचा दाखला. बाबासाहेबांनी आपल्याला पहिला शब्द ‘शिका’ असा दिला. ज्या मुलाला वर्गात बसणंच अवघड जातं, त्याला मदत न करता बाहेर काढणं म्हणजे तो शब्द त्याच्यापासून हिरावून घेणं आहे.

“नाव लागेल” ही भीती

पालक मला सांगतात, “ताई, डॉक्टरकडे नेलं तर पोराला वेडा म्हणतील. कागदावर नाव लागेल.” त्यांची भीती खोटी नाही. पण मी त्यांना विचारते, आज तुमच्या मुलाला काय काय म्हणतात? तेव्हा तेच यादी सांगतात. शिक्का तर आधीच बसलेला असतो आणि तो चुकीचा असतो. निदान झालं की “हा वाईट आहे” याच्या जागी “याला अमुक त्रास आहे, त्यावर अमुक उपाय आहेत” असं म्हणता येतं.

अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स हिने २०१६ च्या ऑलिम्पिकमध्ये चार सुवर्णपदकं जिंकली. त्यानंतर हॅकरांनी तिचे वैद्यकीय कागद चोरून जगासमोर टाकले. तिने जाहीरपणे सांगितलं की तिला एडीएचडी आहे, लहानपणापासून ती औषध घेते आणि यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

औषधाचीही भीती असते. सहा वर्षांखालील मुलांत आधी पालकांना प्रशिक्षण देतात, म्हणजे मुलाशी कसं बोलायचं, दिनक्रम कसा लावायचा, कौतुक कधी करायचं. मोठ्या मुलांत गरज वाटली तर मिथाइलफेनिडेटसारखं औषध देतात. अनेक दशकांपासून ते वापरात आहे. भूक कमी होणं, झोप लांबणं असे त्रास होऊ शकतात, म्हणून वजन, उंची, नाडी आणि रक्तदाब पाहत राहावं लागतं. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही आणि स्वतःच्या मनाने वाढवायचं किंवा बंद करायचं नाही. निदानाआधी नजर, कान, हिमोग्लोबिन आणि झोप तपासून घ्या. कमी ऐकू येणारं मूलही ‘लक्ष न देणारं’ वाटतं.

अंगात काहीतरी आहे म्हणून मुलाला गुपचूप भगताकडे नेणारी घरं आपल्यातही आहेत. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

कुठे जायचं, काय मागायचं

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीच्या यादीत एडीएचडीचा समावेश आहे. पथक आलं की मुलाच्या वागण्याबद्दल स्वतःहून सांगा. पुढची तपासणी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात होते. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागातही जाता येतं. घरबसल्या बोलायचं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

शाळेशी बोलताना शिक्षण हक्क कायदा २००९ लक्षात ठेवा. कलम १७ नुसार मुलाला मारणं आणि मानसिक छळ करणं, दोन्हींना बंदी आहे. कलम १६ नुसार आठवीपर्यंत शाळा मुलाला काढून टाकू शकत नाही. “दाखला घेऊन जा” असं तोंडी सांगितलं तर लेखी मागा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत एडीएचडीचं वेगळं नाव नाही. पण यातल्या बऱ्याच मुलांना वाचन-लेखनाची अक्षमताही असते आणि ती त्या यादीत आहे. त्यामुळे तीही तपासणी करून घ्या. प्रमाणपत्र मिळालं तर परीक्षेत सवलती मिळतात.

शिक्षकांकडे मागायच्या गोष्टी साध्या आहेत: पुढचा बाक, एका वेळी एकच सूचना आणि मध्येच उठून फळा पुसण्यासारखं एखादं काम. घरीही तेच करा. एक काम सांगा, झालं की शाबासकी द्या, मग दुसरं सांगा.

जे या घरांचे शेजारी-नातेवाईक आहेत त्यांना माझी एकच विनंती आहे. त्या आईला सल्ला देऊ नका. तासभर तिचं मूल सांभाळा. विहारात मूल पळत असेल तर पळू द्या, दाराशी एक जण उभा राहा.

त्या बाईचा मुलगा गेल्या वर्षी जिल्हा रुग्णालयात आला. निदान झालं, उपचार सुरू आहेत. सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसायचं त्याच्या मनात आहे. डॉक्टरांचं बोलणं संपल्यावर आईने मला बाहेर गाठलं आणि विचारलं, “म्हणजे सिस्टर, माझं चुकलं नव्हतं?”

नव्हतं, ताई. चुकलं माझं होतं.