बाजारभाव आणि हवामानाच्या नोंदींसाठी पायथनची तोंडओळख

सोयाबीनचे दर गेल्या तीन महिन्यांत कसकसे बदलले, असे शेतकऱ्याने विचारले की विस्तार कार्यकर्ता संकेतस्थळ उघडतो, राज्य, बाजार समिती व शेतमाल निवडतो आणि समोर आलेला तक्ता हाताने उतरवून घेतो. एका बाजाराच्या एका दिवसापुरते हे ठीक आहे. लातूर आणि इंदूर या दोन बाजारांची तुलना करायची झाल्यास मात्र ही पद्धत वेळखाऊ ठरते व आकडे उतरवताना चुका होतात. कोणत्या आठवड्यात माल काढावा याचा सल्ला अशा आकड्यांवर अवलंबून असल्यामुळे ही चूक शेतकऱ्यालाच महाग पडते.

या कामासाठी पायथन ही संगणकभाषा नवशिक्यालाही झेपणारी आहे. चल, यादी, अट आणि लूप एवढ्या संकल्पना उमजल्या की कामाला आरंभ करता येतो. गुगल कोलॅबची सुविधा ब्राउझरमध्येच चालत असल्याने संगणकावर वेगळे काही बसवावे लागत नाही.

केंद्र शासनाच्या खुल्या माहितीच्या संकेतस्थळावर देशभरातील बाजार समित्यांचे दैनंदिन दर एपीआयद्वारे मिळतात. नोंदणी केल्यावर प्रत्येकाला स्वतःची एपीआय की मिळते. तेथील नमुना की वापरल्यास एका वेळी केवळ १० नोंदी हाती येतात, आणि आपला प्रोग्रॅमच चुकला असा नवशिक्याचा समज होतो. प्रत्येक नोंदीत बाजार, वाण, दिनांक तसेच किमान, कमाल व सर्वसाधारण दर प्रतिक्विंटल रुपयांत असतो. हा संच चालू दराचा आहे. म्हणून मालिका हवी असेल तर रोजची नोंद रोज सीएसव्ही फाइलमध्ये जोडत जावी.

हवामानासाठी नासाची ‘पॉवर’ ही सेवा उपयुक्त आहे. अक्षांश-रेखांश दिले की १९८१ पासूनचे दैनिक तापमान व पर्जन्यमान विनामूल्य मिळते. तिची एक चौकट सुमारे ५० किलोमीटरची असल्याने गावातील पर्जन्यमापकाची जागा ती घेऊ शकत नाही. खरा धोका मात्र वेगळाच आहे. ज्या दिवसाची नोंद उपलब्ध नसते, तेथे उणे ९९९ हा आकडा लिहिलेला असतो. वर्षातील ३६४ दिवसांचे तापमान २७ अंश आणि एक दिवस उणे ९९९ असेल, तर सरासरी २४.२ अंश येते. हा आकडा इतका पटण्याजोगा आहे की तो सहज सल्लापत्रकात छापला जाईल! म्हणून सरासरी काढण्यापूर्वी असे आकडे वगळण्याची ओळ प्रोग्रॅममध्ये हवीच.

एपीआय नसलेल्या संकेतस्थळावरून माहिती उचलताना त्याच्या वापराच्या अटी वाचाव्यात आणि दोन विनंत्यांमध्ये काही सेकंदांचे अंतर ठेवावे. सार्वजनिक सेवेवर अकारण भार टाकणे योग्य नव्हे.

आरंभी एकच शेतमाल, एकच बाजार आणि ३० दिवस एवढाच आवाका ठेवावा. जमा झालेले दर त्याच बाजारात माल विकलेल्या दोन-तीन शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्यांशी ताडून पाहावेत. तफावत मोठी दिसल्यास आधी वाण व प्रत तपासावी, मग दिनांक. दिवस आणि महिना यांची अदलाबदल ही तक्त्यांतील नेहमीची चूक असते.