मद्रासचा ठराव आणि स्त्रियांचे मत
भारतीय स्त्रियांचा मताधिकार तुकड्यातुकड्यांनी जुळत गेला. डिसेंबर १९१७ मध्ये सरोजिनी नायडूंच्या शिष्टमंडळाने मद्रासमध्ये भारतमंत्री माँटेग्यू यांच्याकडे मताची मागणी केली. मताधिकाराचे निकष ठरवणाऱ्या साउथबरो समितीने ती नाकारली, तेव्हा हेराबाई आणि मिठन टाटा या मुंबईच्या मायलेकींनी १९१९ मध्ये लंडनला जाऊन संसदीय समितीपुढे धैर्याने बाजू मांडली. भारताच्या राज्यकारभाराविषयीच्या नव्या कायद्याने हा निर्णय प्रांतिक कायदेमंडळांवर सोपवल्यावर १९२१ मध्ये प्रथम मद्रासने आणि पाठोपाठ मुंबईने स्त्रियांवरील बंदी उठवली, पण मालमत्तेची अट राहिल्याने बहुसंख्य स्त्रिया मतापासून दूरच राहिल्या, आणि या विजयाच्या वर्णनांत ही बाब गाळणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. पुढे स्वतंत्र भारतात प्रौढ मताधिकार, म्हणजे तेव्हा २१ वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक नागरिकाचे मत, अमलात आला. तरीही १९५१–५२ च्या निवडणुकीआधी स्वतःचे नाव न सांगता केवळ कुणाची तरी पत्नी वा मुलगी अशी नोंद झालेल्या सुमारे २८ लाख स्त्रिया मतदारयाद्यांतून वगळल्या गेल्या होत्या.