आधी पाणी पाळावे, मग मासे

कला शाखेच्या विद्यार्थ्याने समुद्री माशांवर लेख लिहावा याचे काहींना नवल वाटेल. तोही देहूरोडच्या विद्यार्थ्याने! आमच्या गावाला लष्कराचा डेपो आहे, रेल्वे आहे, हाकेच्या अंतरावर इंद्रायणी आहे. नाही तो फक्त समुद्र. तो सह्याद्रीच्या पलीकडे, घाट उतरून गेल्यावर. तरीही आमच्या दोन खोल्यांच्या घरात आज तीन फुटांची एक काचेची टाकी आहे आणि तिच्यात समुद्राचे पाणी आहे. हे पाणी मी घरीच तयार केले. ते कसे केले आणि ते करताना माझ्या हातून काय चुकले, ते मित्रांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहे.

त्याचे असे झाले. पाचवीत असताना आमची सहल मुंबईला गेली होती. मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय, जे १९५१ साली सुरू झाले, ते आम्हांला दाखवले. पिवळे, निळे, पट्टेरी मासे पाहून मी काचेला नाक लावून उभा राहिलो आणि सरांचा ओरडा खाल्ला. पुढे बारावी झाल्यावर कॉलेजच्या खर्चाला हातभार लागावा म्हणून चिंचवडमधल्या एका मत्स्यपात्रांच्या दुकानात संध्याकाळी कामाला लागलो. टाक्या पुसणे, पाणी बदलणे, गिऱ्हाइकाला पिशवी बांधून देणे, ही माझी कामे. एका गिऱ्हाइकाने परत केलेली, कोपऱ्याला टवका उडालेली टाकी मालकांनी मला देऊन टाकली. लोकलमधून ती घरी कशी आणली, तो एक स्वतंत्र लेखाचा विषय आहे. असो.

प्रथम टाकीविषयी. नवशिक्याला वाटते, लहान टाकी सोपी. खरे ते उलट आहे. पाणी जितके कमी, तितका बिघाड लवकर; पाणी जास्त असले की चूक विरघळून जाते. माझी टाकी तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच आहे. ती काठोकाठ भरली तर सुमारे १६० लिटर पाणी मावते. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा सोडली तर १३० लिटर धरावे. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो, म्हणजे काच-दगडांसह हे ओझे दोनशे किलोंच्या घरात जाते. म्हणून टेबल भक्कम हवे आणि खालची फरशी सपाट हवी.

आता पाणी. आमच्या शेजारच्या काकांनी सुचवले, "मुंबईहून कॅन भरून आण की!" मी हिशेब केला. १३० लिटर म्हणजे पंधरा लिटरचे नऊ कॅन. शिवाय शहराच्या किनाऱ्यावरच्या पाण्यात गाळ आणि सांडपाणी असते, आणि पावसाळ्यात त्याचा खारेपणाही उतरतो. दुसरा उपाय आईने सांगितला, "घरातलं मीठ घाल." तेही चालत नाही. समुद्राच्या एक किलो पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांतला मोठा भाग आपले साधे मीठच असते, पण उरलेल्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट असे घटक असतात. मिठागरात मीठ धरले की मॅग्नेशियमचा बराचसा अंश मागे उरणाऱ्या कडवट पाण्यातच राहतो. म्हणून जेवणातल्या मिठाने पाणी खारट होते, समुद्र होत नाही. समुद्रापासून दूर राहून समुद्राचे पाणी बनवण्याची ही खटपट जुनी आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली मत्स्यगृह उघडले, आणि फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकाने १८५४ साली कृत्रिम सागरजलाची कृती प्रसिद्ध केली. आज असे तयार मिश्रण दुकानात मिळते. १३० लिटरला साडेचार ते पाच किलो लागते.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, म्हणून मी गाळलेले आर. ओ. पाणी वापरले. क्षार आधी बादलीत पाणी घेऊन त्यात ढवळावेत, कोरड्या क्षारांवर पाणी ओतू नये. एक दिवस पंपाने हलवत ठेवावे आणि मग हायड्रोमीटरने मोजावे. विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास आले की समुद्र झाला. तळाशी चुनखडीच्या जातीची पांढरी वाळू घालावी, नदीची नको. वर सच्छिद्र सिरॅमिक दगड रचावेत. पाण्याला प्रवाह देणारा एक पंप, एक फिल्टर, थंडीसाठी हीटर आणि एक तापमापक एवढ्यावर सुरुवात होते.

इथवर सर्व नीट झाले. चौथ्या दिवशी पाणी आरशासारखे नितळ दिसू लागले. दिवाळीची सुट्टी होती, हातात पगार होता, आणि मी क्लाऊनफिश, म्हणजे नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असणाऱ्या विदूषक माशांची जोडी घेऊन आलो. दोघांचे आठशे रुपये पडले. आईने तोंडाने आकडा पुन्हा उच्चारला आणि गप्प बसली, कारण तेवढ्यात आमच्या घरची महिन्याची भाजी येते. दुसऱ्या दिवशी मासे वर येऊन धापा टाकू लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही तळाशी पडलेले होते. आई म्हणाली, "अरे, पाणी तर किती स्वच्छ आहे!" वडील काही बोलले नाहीत. ते माळकरी आहेत. त्यांनी दोन्ही मासे कागदात घेतले, मागच्या अंगणात खड्डा करून पुरले आणि डेपोत कामावर निघून गेले. ते रागावले असते तर बरे वाटले असते.

काय चुकले होते? पाणी स्वच्छ दिसत होते, पण ते तयार नव्हते. मासा कल्ल्यांवाटे आणि विष्ठेवाटे अमोनिया टाकतो. उरलेले खाद्य कुजले की त्यातूनही अमोनियाच होतो. तो दिसत नाही, पण माशाला विष आहे, आणि समुद्राचे पाणी अल्कधर्मी असल्याने तेथे तो अधिकच जहाल होतो. निसर्गात याची विल्हेवाट सूक्ष्म जीवाणू लावतात. एका जातीचे जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे जीवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. ते बऱ्याच अंशी निरुपद्रवी असते आणि पाणी बदलून काढता येते. हे जीवाणू वाळूवर, दगडांच्या छिद्रांत, फिल्टरच्या स्पंजात वस्ती करतात. नव्या टाकीत ते जवळपास नसतातच. त्यांची पुरेशी वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. "सहा आठवडे थांबा" हे वाक्य दुकानात मालक प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत, आणि त्यांच्या मागे उभा राहून मीही सांगत असे. ते मला पाठ होते, कळलेले नव्हते. परीक्षेत असे पुष्कळदा होते. पण परीक्षेत त्यापायी कोणी मरत नाही.

मी पुन्हा सुरुवात केली. ह्या वेळी मासा न आणता रोज चिमूटभर खाद्य तेवढे टाकीत टाकले, म्हणजे ते कुजून जीवाणूंना अन्न मिळावे. (पुष्कळ जण यासाठी कोळंबीचा तुकडा टाकतात, आमच्या घरात ते शक्य नव्हते. खाद्यातही माशांचाच भुगा असतो, हे आईला हा लेख वाचूनच कळेल.) एक जुनी वही केली. दर दोन दिवसांनी काचेच्या नळीत पाणी घेऊन थेंब टाकायचे आणि रंग लिहायचा. अमोनिया असला की पिवळे पाणी हिरवे होते. आधी हिरवा रंग गडद होत गेला. पुढे तो उतरू लागला आणि नायट्राइट चढले. मग तेही उतरले. अडतिसाव्या दिवशी दोन्ही शून्य आले. रिकाम्या टाकीकडे इतके दिवस पाहताना शेजारचे काका विचारत, "तुझे मासे दिसत नाहीत रे?" मी म्हणे, "सध्या पाणी पाळतोय."

त्यानंतर मासे आणले, तेही हळूहळू. आधी दोन विदूषक, मग तीन आठवड्यांनी एक लहानसा गोबी. एकदम मासे वाढवले तर जीवाणूंना भार पेलत नाही. पिशवी वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवून तापमान सारखे करावे, आणि टाकीचे पाणी थेंबथेंब पिशवीत मिसळत जावे. ही सावकाशी का? गोड्या पाण्यातला मासा पाणी पीत नाही, ते त्याच्या अंगात आपोआप शिरते. समुद्रातल्या माशाचे उलट. खाऱ्या पाण्यात त्याच्या अंगातले पाणी सतत बाहेर ओढले जाते, म्हणून त्याला समुद्र पीत राहावे लागते आणि जास्तीचे मीठ बाहेर टाकावे लागते. खारेपणा अचानक बदलला तर हा तोल ढळतो.

विदूषक माशाची एक गंमत सांगतो. हे सर्व मासे जन्मतः नर असतात. जोडीतला मोठा पुढे मादी होतो. मादी मेली तर उरलेला नर मादी बनतो. शिवाय हे मासे टाकीत वाढवलेले मिळतात. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांची पैदास करून दाखवली आहे. विकत घेताना पैदाशीचेच मागावेत, म्हणजे समुद्रातून एक मासा कमी होत नाही. मात्र प्रवाळ आणि समुद्रघोडे कोणी कितीही आग्रहाने देऊ केले तरी घेऊ नयेत. २००१ साली ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले. त्यांचा व्यापार हा गुन्हा आहे.

रोजची निगा थोडी, पण चुकवता न येणारी. पाणी वाफ होऊन उडते, मीठ मात्र मागे राहते. म्हणून काचेवर खूण करून रोज त्या खुणेपर्यंत साधे आर. ओ. पाणी घालावे, खारे नव्हे. दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी काढून तेवढेच नवे खारे पाणी घालावे. तापमान २५-२६ अंश ठेवावे. एप्रिल-मेमध्ये आमच्या पत्र्याच्या घरात हे कठीण जाते, तेव्हा मी पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंखा लावतो. वीज गेली की बॅटरीचा हवापंप लावावा, कारण खाऱ्या आणि कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. आणि खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढेच घालावे. देहूच्या घाटावर लोक माशांना पिठाच्या गोळ्या घालतात. आईही तसेच ओंजळभर घालायला निघाली होती. मी सांगितले, "आई, तिथं नदी वाहती आहे, इथं उरलेलं कुठं वाहून जाणार?" तिला लगेच पटले.

आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. संध्याकाळी मी परत आलो की वडिलांना काहीतरी विचारायचे असते, पण काय विचारावे ते सुचत नाही. माझे विषय त्यांना ठाऊक नाहीत. हल्ली मात्र ते कामावरून आले की हातपाय धुऊन टाकीसमोर बसतात आणि म्हणतात, "आज पाण्याचा निकाल काय?" मी वही काढून दाखवतो. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. ते मान हलवतात. आता ते स्वतःच काचेवरची खूण पाहून पाणी घालतात, आणि मला सांगतात, "घाई करू नकोस, सावकाश ओत."

— द्वितीय वर्ष कला