लोफोटेनचा वाळवलेला मासा

आज आपण जरा लांब जाऊ, थेट नॉर्वे देशाच्या उत्तरेला. तिथे समुद्रात लोफोटेन नावाची बेटांची रांग आहे, उत्तर ध्रुववृत्ताच्याही वर. डिसेंबरात तिथे कित्येक दिवस सूर्य उगवत नाही आणि जूनमध्ये मावळत नाही. तरी समुद्र गोठत नाही, कारण नैर्ऋत्येकडून उबदार पाण्याचा प्रवाह येतो.

दर जानेवारीला बॅरेंट्स समुद्रातला कॉड मासा अंडी घालायला इकडे येतो. एप्रिलपर्यंत त्याचा हंगाम. मासा साफ करायचा, मुंडकं काढायचं, दोन माशांच्या शेपट्या एकत्र बांधायच्या आणि जोडी लाकडी मांडवावर टांगायची. मीठ अजिबात नाही! आपल्या कोकणात बोंबील उन्हावर वाळतो, तिथे कॉड थंड वाऱ्यावर वाळतो. गारठ्यामुळे माश्याही बसत नाहीत. जूनपर्यंत मासा लाकडासारखा कडक होतो, वजन साधारण पाव भागावर येतं, आणि मग तो काही वर्षंसुद्धा टिकतो.

हा मासा बर्गन बंदरातून युरोपभर जाई. चौदाव्या शतकात तिथे जर्मन व्यापाऱ्यांनी ठाण मांडलं. माशाच्या बदल्यात उत्तरेला धान्य मिळे, कारण तिथल्या जमिनीत ते पुरेसं पिकत नसे. 1432 साली व्हेनिसचा पिएत्रो क्वेरिनी जहाज फुटून रोस्ट बेटावर अडकला. तिथल्या लोकांनी त्याला सांभाळलं. या माशाबद्दल त्याने लिहून ठेवलं. आजही इटली या माशाचं मोठं गिऱ्हाईक आहे.

हंगामात पुरुष कित्येक आठवडे उघड्या होड्या घेऊन घराबाहेर असत. मागे गाई-मेंढ्या, चारा, दूधदुभतं, मुलं, म्हातारी माणसं, सगळं बायकांवर. मासेमारीचं धाडस जेवढं सांगितलं जातं, तेवढा हा गोठा सांगितला जात नाही, असं आम्हाला वाटतं.

आता पैशाचं बघू, कारण आपल्या गटांना ते जवळचं आहे. अनेक गावांत धक्का, मांडव, राहायच्या खोल्या एकाच मालकाच्या असत. उचल त्याच्याकडून घ्यायची, मासा त्यालाच घालायचा, आणि भावही तोच सांगणार. कर्ज काही फिटत नसे. 1938 साली कायदा झाला. कोळ्यांच्या स्वतःच्या विक्री संघटनेला पहिल्या विक्रीचा हक्क मिळाला. संघटना कमीत कमी भाव ठरवते, त्याखाली कोणी मासा घ्यायचा नाही. ही पद्धत आजही चालू आहे.

वाया मात्र काहीच जात नाही. मुंडकी वाळवून नायजेरियाला जातात, तिथे त्यांचं कालवण होतं. माशांच्या जिभा कापायचं काम गावातली शाळकरी मुलं-मुली करतात, आणि तो पैसा त्यांचा स्वतःचा असतो.