न दिसणाऱ्याचं वजन

मी बी.ए. झालेला माणूस. विज्ञानाशी माझी ओळख शाळेतच संपली. तरी एका कवितेत मी कृष्णविवराला ‘सगळं गिळणारी भूक’ म्हणून टाकलं होतं. वाचन झाल्यावर भौतिकशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक जवळ आले. म्हणाले, ‘‘कविता बरी आहे, पण विवर खोटं आहे. सूर्याच्या जागी तेवढ्याच वजनाचं कृष्णविवर ठेवा. पृथ्वी गारठेल, पण गिळली जाणार नाही. आज फिरते तशीच फिरत राहील.’’

मी ओशाळलो. मग खरं विवर कसं असतं, याचा शोध घेताना हंस तारकासमूहातल्या ‘हंस एक्स-1’ची हकिकत हाती लागली.

क्ष-किरण आपल्या हवेतून जमिनीपर्यंत येत नाहीत. (येत नाहीत तेच बरं.) त्यामुळे ते बघायचे तर हवेच्या वर जावं लागतं. 1964 साली अमेरिकेत न्यू मेक्सिकोतून सोडलेल्या अग्निबाणावरच्या उपकरणांना हंसाच्या दिशेनं येणारे क्ष-किरण सापडले. पण अग्निबाणाला आकाशात मिळतात मोजकी मिनिटं. खरं निरीक्षण सुरू झालं ते 12 डिसेंबर 1970 रोजी केनियाच्या किनाऱ्याजवळून सोडलेल्या उपग्रहामुळे. तो केनियाचा स्वातंत्र्यदिन, म्हणून उपग्रहाचं नाव ‘उहुरू’. स्वाहिलीत उहुरू म्हणजे स्वातंत्र्य. शब्दाचं मूळ अरबी ‘हुर्र’, म्हणजे मुक्त. माझ्यासारख्याला असे शब्द भेटले की मूळ विषय जरा बाजूला राहतो, माफ करा.

उहुरूला दिसलं की हे क्ष-किरण एका सेकंदात अनेकदा कमी-जास्त होतात. यातली गंमत बघा. प्रकाश सेकंदाला 3 लाख किलोमीटर जातो. एखादी वस्तू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदम लुकलुकायची, तर प्रकाशाला तेवढ्या वेळात ती ओलांडता आली पाहिजे. पुढे हजाराव्या भागातले चढउतारही सापडले. म्हणजे किरण जिथून येतात ती जागा जेमतेम 300 किलोमीटरची! सूर्याचा व्यास तर जवळपास 14 लाख किलोमीटर.

त्याच जागी एक निळा महाकाय तारा होता. 1971-72मध्ये इंग्लंडमध्ये लुईस वेबस्टर आणि पॉल मर्डिन, तर कॅनडात टॉम बोल्टन यांनी त्याच्या प्रकाशाची तपासणी केली. तारा कधी आपल्याकडे येत होता, कधी दूर जात होता. 5.6 दिवसांत एक फेरी. कुणाभोवती? जोडीदार तर दिसत नव्हता. पण एवढ्या अवजड ताऱ्याला फिरवणाऱ्याचं वजनही तसंच हवं. मेलेल्या ताऱ्याचा घट्ट गोळा, म्हणजे न्यूट्रॉन तारा, सूर्याच्या साधारण तिपटीपलीकडे टिकत नाही. हा त्याहून जड निघाला. उरलं कृष्णविवर.

मग विवरातून काही सुटत नाही, तर हे क्ष-किरण येतात कुठून? विवरातून नव्हे, उंबरठ्याबाहेरून. निळ्या ताऱ्याच्या अंगावरून वायूचा वारा सतत सुटत असतो. त्यातला काही विवराकडे ओढला जातो, पण सरळ आत पडत नाही. भोवऱ्यातल्या पाण्यासारखा गरगरत तबकडी करतो, घर्षणानं लाखो अंश तापतो आणि क्ष-किरण फेकतो. तारा मात्र जागेवरच आहे, गिळला गेलेला नाही.

स्टीफन हॉकिंग यांनी 1974मध्ये किप थॉर्न यांच्याशी पैज लावली होती, की हे कृष्णविवर नाही. आयुष्य कृष्णविवरांवर घालवलेला माणूस, म्हणून हा त्यांचा विमा. विवर खोटं निघालं तरी निदान पैज जिंकायची! 1990मध्ये त्यांनी हार मान्य केली.

वजनाचा हिशेब अजून पुरता मिटलेला नाही. 2011मध्ये ते सूर्याच्या सुमारे 15 पट धरलं गेलं. 2021मध्ये अंतर नव्यानं मोजलं, ते 7,200 प्रकाशवर्षांच्या आसपास भरलं, आणि वजन 21 पटीवर गेलं. त्यावरही तपासणी चालूच आहे. 2015मध्ये सोडलेल्या आपल्या ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’नंही हंसाकडे पाहिलं. त्यावरची क्ष-किरण मोजणारी काही उपकरणं मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडली.

ऑक्टोबरात अंधार पडल्यावर हंस जवळजवळ डोक्यावर, किंचित उत्तरेला असतो. त्याच्या मानेच्या मध्यावर एक मंद तारा दिसतो. त्याच्या अगदी शेजारी तो निळा तारा आहे. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. लहानशी दुर्बीण लागते. प्राध्यापकांनी मला आपल्या गच्चीवरून दाखवला. एक साधा ठिपका होता. मी बराच वेळ त्याच्या शेजारचा अंधार बघत राहिलो.